खाली घ्या, काका

गाडी मागे सरकायला लागली तेव्हा मी चढाच्या माथ्यावर उभा राहून ओरडत होतो, "खाली घ्या, काका! खाली!"

काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. समजलं, अशी. मग ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं आणि गाडी पुढे यायच्या ऐवजी आणखी मागे गेली. मी पुन्हा तेच ओरडलो, या वेळी हाताने खाली दाखवत. माणूस घाबरला की चुकीची गोष्टच जास्त मोठ्याने बोलतो. शेवटी "ब्रेक!" म्हणून ओरडलो. हा शब्द सगळ्यांना एकसारखा कळतो. पण तोवर गाडी तिरकी होऊन एका बाभळीवर मागून आदळली होती.

मी धावत उतरलो. आधी गाडी बंद केली, मग काकांचा पट्टा सोडवला. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. गाडीचा मागचा बंपर आणि उजवं मडगार्ड गेलं होतं.

काका शांतपणे म्हणाले, "तू म्हटलं तसंच तर केलं मी."

मला आधी राग आला. नंतर मी गिअरकडे बघितलं.

मी ऑफ-रोड गाड्यांचा ट्रेनर आहे. ही गाडी म्हणजे बग्गी. लग्नाच्या वरातीतली नव्हे. लोखंडी पाइपांचा पिंजरा, त्यात दोन सीटा, जाड दातेरी टायर, दाराच्या जागी जाळी. नंबर प्लेट नसते, त्यामुळे रस्त्यावर आणायची नाही, शेतात नाहीतर रानात चालवायची. मी मूळचा सांगलीचा. आठ महिन्यांपूर्वी कंपनीने ग्वाल्हेरच्या शोरूमला पाठवलं. बायको आणि मुलगी सांगलीतच राहिल्या, कारण मुलीचं दहावीचं वर्ष. थाटीपुरात एक खोली घेतली. दिवसभर हिंदी, मेसमध्ये हिंदी, आणि खोलीवर आलं की कोणीच नाही. फोनवर घरी बोलायचो, पण फोनवर माणूस ठरवून बोलतो. जेवलास का, जेवलो. अभ्यास झाला का, झाला. कधीकधी मी आरशासमोर दाढी करताना मोठ्याने मराठी बोलायचो. हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

अशात एक दिवस शोरूममध्ये एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ काठी टेकत आले. बग्गीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बंपरवर टिचकी मारून स्वतःशीच म्हणाले, "हे तर प्लास्टिक आहे."

मी जवळजवळ पळतच गेलो. "काका, तुम्ही मराठी?"

"जगदाळे. माधवगंजात राहतो. दोनशे वर्षं झाली इथे येऊन," ते म्हणाले. "आणि तुम्ही?"

"आठ महिने."

"मग ठीक आहे. अजून जीव लागायला वेळ आहे."

त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. ते स्वतः सिंचन खात्यात इंजिनिअर होते, निवृत्त झाले. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. एकुलता मुलगा बंगळुरूला. शहरापासून तासाभरावर, बीहडाच्या कडेला त्यांची शेती आणि शेतावर घर; निवृत्तीनंतर ते बहुतेक तिथेच असायचे. बीहड म्हणजे पावसाने कापून काढलेल्या मातीच्या घळी. एक चढ, एक उतार, पुन्हा चढ. शेती वाट्याने दिलेली होती, पण घळींच्या पलीकडे विहीर आणि पेरूची बाग त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. बायको असताना दोघं रोज सकाळी तिथे चालत जायची. आता गुडघा साथ देत नव्हता. दोन वर्षांत ते विहिरीपर्यंत पोचले नव्हते.

"मला तिथवर एकट्याला जायचं आहे," ते म्हणाले. "कोणाच्या खांद्यावर हात ठेवून नाही."

गाडी मुलाच्या नावावर घेतली गेली. त्याची एकच अट होती. ट्रेनिंगनंतर काकांनी एकट्याने गाडी चालवून दाखवायची. ट्रेनरने पास केलं तर गाडी राहील, नाहीतर परत. शोरूमनेही ते मान्य केलं होतं.

डिलिव्हरी शेतावरच झाली. ट्रकमधून गाडी उतरवली. काकांनी पूजेचं सगळं आणलं होतं. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. मी गाडी पुढे घेतली. तीन लिंबं फुटली. चौथं टायरच्या दोन दातांच्या मधोमध सापडलं आणि जसंच्या तसं बाहेर आलं. मी बघतच राहिलो. काकांनी ते उचललं, धोतराला पुसलं आणि म्हणाले, "टायर चांगले आहेत. याचं शरबत करू."

मग ते पहिल्यांदा आत बसले. स्टिअरिंग फिरवून बघितलं. "फार हल्कं आहे. आमच्या जीपला दोन माणसं लागत होती." काच नाही याचं त्यांना वाईट वाटलं. आवाज फार आहे म्हणाले. पण पहिल्या खड्ड्यात गाडी बोटीसारखी वर उचलली गेली आणि अलगद खाली बसली, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं. मग म्हणाले, "चांगलं लागलं."

"चांगलं वाटलं," मी म्हणालो.

ही माझी खोड. मला त्यांची मराठी सुधारायची हौस होती. ते म्हणायचे, "बाजूची सीट खाली आहे, बस." मी म्हणायचो, "काका, खाली नाही, रिकामी. खाली म्हणजे बुडाशी." ते हसायचे. "तुमची मराठी पुस्तकवाली आहे. आमची घरातली आहे. पण घरात आता कोणी नाही, तर तूच शिकव."

कंपनीच्या नियमाप्रमाणे दोन दिवसांचं ट्रेनिंग असतं. मी ते सहा रविवारांचं केलं. कारण दिलं, ग्राहकाचं वय जास्त आहे. खरं कारण वेगळं होतं. गाडी चालवून झाल्यावर काका डब्यातून गूळपोळी काढायचे आणि आम्ही बांधावर बसून तासभर मराठीत गप्पा मारायचो. एकदा त्यांनी विचारलं, "मी अजून कच्चा आहे का?" मी म्हणालो, "थोडे." ते म्हणाले, "राहू दे. घाई नाही." दोघांनाही माहीत होतं ते कधीचे तयार झाले आहेत ते.

आता गिअरचं सांगतो, कारण घोळ तिथेच झाला. या गाडीला क्लच नसतो, स्कूटरसारखी बेल्टवर चालते. एक दांडा असतो. सगळ्यात वर हाय, म्हणजे सपाट जमिनीसाठी. त्याखाली लो, म्हणजे चढासाठी, ताकदीचा. त्याखाली न्यूट्रल. चढावर जोर कमी पडला की ब्रेक दाबून उभं राहायचं, दांडा एक घर खाली घ्यायचा, लोमध्ये, आणि निघायचं. सहाही रविवार मी शेजारी बसून "लो" असंच सांगत आलो होतो.

टेस्टच्या दिवशी नियमाने मला बाहेर उभं राहावं लागलं. काका चढावर अर्ध्यात थांबले. दांडा हायमध्येच होता. इंजिनाच्या आवाजात "लो" ऐकू जाईना, म्हणून मी तोंडात आलं ते सांगलीच्या वर्कशॉपमधलं बोललो. "खाली घ्या." माझ्यासाठी ते एक घर खाली, म्हणजे लो.

काकांनी नोकरी सांभाळून चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला. त्यांच्या शेतावर गिअरातून काढलेल्या ट्रॅक्टरला "खाली" म्हणतात. त्यांनी गाडी खाली केली. म्हणजे न्यूट्रल. आणि मग माझ्यावर विश्वास ठेवून ब्रेकवरचा पाय काढला.

ज्या शब्दावरून मी त्यांना महिनाभर चिडवलं, तोच शब्द मी चढावर वापरला. मला तो फरक माहीत होता. त्यांना नव्हे, मला.

काका बांधावर कोपराला रुमाल बांधून बसले होते. म्हणाले, "रिपोर्टात माझी चूक लिही. तुझी नोकरी आहे. मला काय, मी घरीच तर बसणार आहे."

नियमाप्रमाणे गाडी ज्याच्या नावावर असते त्याला तिथूनच फोन करावा लागतो. मुलाने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. "देखिए, मेरे लिए पापा से ज़्यादा कुछ नहीं है," तो म्हणाला. "ड्राइवर एरर है तो गाड़ी आज ही उठवा लीजिए." मी म्हणालो, रिपोर्ट उद्या येईल. काका दुसरीकडे बघत होते, घळींच्या पलीकडे. गाडी त्या बाजूला निघाली होती आणि पोचली नव्हती.

मोडलेली गाडी दुरुस्तीसाठी ट्रकवर चढवून मी परत निघालो. मला काकांची काळजी होती हे खरं. पण त्याहून जास्त मला माझंच वाईट वाटत होतं, की आता रविवार गेले. हे मनात आलं आणि स्वतःची लाज वाटली.

सकाळी वर्कशॉपमध्ये भदौरिया साहेबांनी बोलावलं. ते आमचे मॅनेजर, इथलेच, हजीऱ्याचे.

"ड्राइवर एरर लिखो, बात खतम," ते म्हणाले. "उमर हो गई है उनकी."

"चूक माझी आहे, सर. मी चुकीचं सांगितलं."

"क्या बोला था?"

"खाली घ्या."

"तो उन्होंने क्या किया?"

"खाली केली."

भदौरिया साहेब माझ्याकडे बघत राहिले. "आपने बोला खाली, उन्होंने खाली किया. इसमें बुजुर्ग की गलती कहाँ है?"

मी त्यांना मराठीतला खाली समजावून सांगू लागलो. त्यांनी हात वर केला. "भाई, ग्वालियर में खाली मतलब खाली."

मी रिपोर्ट लिहिला. ग्राहकाने सूचनेचं तंतोतंत पालन केलं. सूचना चुकीच्या शब्दात दिली गेली. जबाबदारी प्रशिक्षकाची. खाली सही केली. मुलाने रिपोर्ट वाचला आणि एक संधी दिली, पण दुसऱ्या ट्रेनरकडून. ते बरोबरच होतं. मला ग्राहकांच्या ट्रेनिंगवरून काढून वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला टाकलं. तेही बरोबर होतं, पण रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी मुरारचा एक ट्रेनर गेला. त्याने वीस मिनिटांत काकांना पास केलं. संध्याकाळी काकांचा फोन आला.

"पास झालो. विहिरीपर्यंत गेलो."

"वा, काका. अभिनंदन."

"त्याने सगळं हिंदीत सांगितलं. एकदम समजलं." मग म्हणाले, "पण पोळी नाही खाल्ली त्याने. घाईत होता."

मी येतो एकदा, म्हणालो. ये, म्हणाले. पण गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार? आणि मला वाटलं, आता त्यांना हवं ते मिळालंय. एकट्याने जायचं होतं, जातात.

दोन महिन्यांनी ट्रकवरून एक बग्गी पहिल्या सर्व्हिसला आली. नवं मडगार्ड बघून मी ओळखली. या गाड्यांची सर्व्हिस किलोमीटरवर नसते, इंजिन किती तास चाललं त्यावर असते. मीटरवर दोन्ही आकडे येतात. मी चावी फिरवली. ट्रेनिंगचे वजा करून तास बावन्न. किलोमीटर एकशे दहा.

मी मीटर बिघडला असेल म्हणून तपासला. मीटर ठीक होता. शेतापासून विहीर एक किलोमीटर. म्हणजे काका रोज जात होते आणि परत येत होते. जायला-यायला दहा-बारा मिनिटं. उरलेला वेळ गाडी एका जागी उभी होती, इंजिन चालू ठेवून. एअर फिल्टर स्वच्छ होता, धूळ नव्हतीच. ऑइल मात्र काळं झालेलं. अशा वेळी जॉब कार्डावर लिहितात, अनावश्यक आयडलिंग टाळावे.

मी फोन लावला.

"काका, विहिरीवर पोचल्यावर गाडी बंद करत नाही का तुम्ही?"

"नाही."

"का?"



"बंद केली की फार शांत होतं रे," ते म्हणाले. "तुझी काकू नसते तिथे."

मी हातातलं जॉब कार्ड तसंच धरून उभा होतो. भदौरिया साहेब काचेतून बघत होते. मी म्हणालो, "काका, गाडी शनिवारी पोचेल. मी रविवारी येतो. एक चक्कर मारून बघावी लागेल."

"हे पण नियमात आहे?"

"नाही."

"मग ये."

रविवारी गेलो. मी शेजारच्या सीटवर बसलो आणि त्यांना एकही सूचना दिली नाही. चढावर ते थांबले, गिअर बदलला, निघाले. विहिरीपाशी पोचल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. खरंच फार शांत होतं तिथे. बसलो दोघं. बोललो थोडंच.

तेव्हापासून सर्व्हिसला आलेल्या प्रत्येक गाडीचे तास आणि किलोमीटर मी शेजारी शेजारी लिहितो. दोघांत फार अंतर दिसलं तर ग्राहकाला फोन करतो. भदौरिया साहेबांना वाटतं, मी फॉलो-अप चांगला करतो.