मलमलची पोटली

निर्मळला आमच्या वाडीत ऊन तापलं की केळी सोलून वाळत घालतात आणि त्यांची सुकेळी करतात. तो गोड वास घरभर पसरला की माझं डोकं अजूनही फिरतं.

माझी मुलगी दात येताना फार रडायची. सासूबाई सुकेळ्याचा तुकडा मलमलच्या फडक्यात बांधून तिच्या तोंडात द्यायच्या. ती पोटली चोखत पोर झोपून जायची आणि आम्ही सगळे हुश्श करायचो. पुढे त्याशिवाय तिला झोपच येईना. समोरच्या दातांवर आधी पांढरे, मग तपकिरी डाग पडले. “दुधाचेच दात, पडायचेच आहेत,” असं जो तो म्हणायचा. त्या वाक्याची मला आजही चीड येते. अडीच वर्षांची होईपर्यंत हिरडीलगत काळे खुंट उरले, पू झाला आणि डॉक्टरांनी वरचे समोरचे चारही दात काढले. घरी आल्यावर रक्ताळलेल्या तोंडाने तिने पोटलीच मागितली. ते मागणं माझ्या कानांतून जात नाही.

आता ती सात वर्षांची आहे. नवे दात पांढरेशुभ्र आलेत. तिला त्यातलं काही आठवत नाही, असं आम्ही समजून चाललो होतो.

परवा नणंद तान्ह्या बाळाला घेऊन आली. बाळ किरकिरायला लागलं, तसा सासूबाईंनी सवयीने सुकेळ्यांचा डबा उघडला. चित्र काढत बसलेल्या माझ्या मुलीने खडू खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड घट्ट झाकून घेतलं.