करंट मावशींचा हात

सोफ्यांना कापड चढवण्यात मावशींची उभी हयात गेली. दिवसभर नायलॉन, रेक्झिन आणि फोम यांच्याशी झटापट. हवा कोरडी झाली की कात्रीला हात लावला, चट्! दाराच्या कडीला लावला, चट्! दुकानातले कारागीर त्यांना करंट मावशी म्हणायचे आणि मावशीही ते नाव तोऱ्यात मिरवायच्या. एखादं गिऱ्हाईक फारच घासाघीस करू लागलं की त्या गोड हसून हात मिळवायला पुढे करायच्या. घासाघीस बहुतेक वेळा तिथेच आटपायची.

पण एका हिवाळ्यात ही गंमत चांगलीच अंगाशी आली. कामावरून आल्या आल्या त्यांनी नातीचा गाल कुरवाळला आणि ठिणगी उडाली. पोरीने घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून आजी दिसली की ती आईच्या मागे दडायची. "आजी चावते," एवढंच सांगायची. मावशींच्या जिवाला ते फार लागलं. घास गोड लागेना.

सून शाळेत विज्ञान शिकवायची. तिने सासूबाईंना समोर बसवलं.

"आई, तुमच्यात काही खोट नाही. प्रत्येक वस्तूत दोन प्रकारचे विद्युतभार असतात, धन आणि ऋण. एरवी दोन्ही सारखेच, म्हणून काही जाणवत नाही. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की ऋणभाराचे बारीक कण, इलेक्ट्रॉन, एकीकडून दुसरीकडे जातात. मग कुणाचा हात जवळ आला की ते उडी मारून बरोबरी साधतात."

"म्हणजे मी दुकानातून चोरून आणते म्हण की!"

"तसंच. नवीन काही तयार होत नाही, नुसतं इकडचं तिकडे."

"मग घरात शिरायच्या आधी कुठेतरी टाकून यायचं, एवढंच ना?"

"एवढंच. किल्ली घट्ट धरायची आणि अंगणातल्या लोखंडी नळाला टेकवायची."

मावशी रोज किल्ली टेकवू लागल्या. ठिणगी नळाला बसायची. नात खिडकीतून डोळे विस्फारून बघायची, पण जवळ काही फिरकायची नाही. पोराच्या मनात बसलेली दहशत ती, विज्ञानाने थोडीच जाते!

सुट्टीच्या दिवशी सगळे बागेत गेले. नात प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवरून सुसाट खाली आली, तर तिचे केस ताठ उभे. सगळ्या केसांवर एकाच प्रकारचा भार, म्हणून प्रत्येक केस शेजारच्याला दूर ढकलत होता. पोरीचा तोल गेला तशी मावशींनी झेलायला हात पुढे केला. चट्!

"आई गं!" मावशी कळवळल्या.

पोरगी जागच्या जागी थिजली. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"आजी, मी चावले?"

"चावलीस की!"

"आता तू माझ्याजवळ येणार नाहीस?"

मावशी तिथेच वाळूत बसल्या आणि तोच हात पुढे केला. "ये, परत चाव बघू."

पोरीने भीत भीत एक बोट टेकवलं. काहीच झालं नाही. मग ती सगळीच्या सगळी आजीच्या मांडीत येऊन बसली.