बाबांचं स्टेजिंग

डॉक्टरांनी बायोप्सीचा रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "गाठ कॅन्सरची आहे. आता स्टेजिंग करून घेऊ, मग ऑपरेशनचं ठरवू."

घाटकोपरच्या त्या दवाखान्यात आम्ही तिघं होतो. बाबा, आई आणि मी. बाबा एकाहत्तर वर्षांचे. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते अडले कॅन्सर या शब्दावर नाही, पुढच्या शब्दावर.

"स्टेजिंग म्हणजे कुठे काय आहे ते मांडायचं. तेच ना?"

"जवळपास तेच," डॉक्टर म्हणाले. "गाठ आतड्यात किती खोल गेलीय, आजूबाजूला पसरलीय का, लिव्हर स्वच्छ आहे का, हे स्कॅनमध्ये बघायचं. त्यावरून पहिली, दुसरी, तिसरी स्टेज ठरते."

"चौथी असते?"

"असते."

बाबांनी मान हलवली आणि स्कॅन कुठे करायचा ते विचारलं.

त्यांना तो शब्द कुठून माहीत होता ते डॉक्टरांना कळायचं कारण नव्हतं. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आजोबा मालवणहून येऊन गिरणीत लागले, बाबा ड्रॉइंग बोर्डाला. कारखान्याची हौशी नाटक मंडळी होती आणि स्पर्धेतल्या नाटकांचं नेपथ्य वर्षानुवर्षं बाबांनी केलं. स्टेजवर स्वतः कधी गेले नाहीत. कोच कुठे, खिडकी कुठे, माणूस आत येऊन किती पावलांत खुर्चीपर्यंत पोचतो, हे ते ग्राफ पेपरवर काढायचे. त्याला ते स्टेजिंग म्हणत.

मी मरोळला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. आमच्याकडे स्टेजिंग म्हणजे खऱ्या वेबसाइटची हुबेहूब नक्कल. लोकांसमोर जाण्याआधी तिच्यावर सगळं मोडून बघायचं. त्या आठवड्यात आमचं एक मोठं काम लाइव्ह जाणार होतं. दिवसभर फोनवर कोणी ना कोणी विचारायचं, "स्टेजिंगला काय निघालं गं?" मी कामाचं उत्तर द्यायचे. घरचं कोणाला सांगितलं नव्हतं.

स्कॅन झाला. रिपोर्ट यायला चार दिवस होते. मुलुंडला आमच्या समोरचा फ्लॅट तेव्हा विकायला काढलेला होता. एजंटने त्यात भाड्याचं फर्निचर आणून मांडलं होतं, प्लास्टिकची झाडंसुद्धा. बाबा नुसतेच बघायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "पलंग पाच फुटी आहे. कोणी झोपूच शकणार नाही."

"खोली मोठी दिसावी म्हणून ठेवतात," मी म्हटलं. "त्यालाही स्टेजिंगच म्हणतात."

"ही फसवणूक झाली," बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला बसले.

रिपोर्ट आला. दुसरी स्टेज. गाठ आतड्याच्या भिंतीतून आरपार गेली होती, पण पुढे कुठे पसरली नव्हती. डॉक्टरांच्या दारातून बाहेर आल्यावर आईने माझा हात धरून हळूच विचारलं, "दुसरी म्हणजे बरी ना गो?"

"बरी आहे," मी म्हटलं.

ऑपरेशनला दहा दिवस होते. बाबांनी ग्राफ पेपर काढला आणि दोन दिवस बसून आमच्या घराचा प्लॅन केला. ऑपरेशननंतर घरी आल्यावर ते कुठे झोपणार, औषधं किती उंचीवर, बाथरूमपर्यंत किती पावलं. जमिनीवर खडूने खुणा झाल्या. मग त्यांनी आईला पलंगावर झोपायला सांगितलं.

"तू मी आहेस असं समज. पोटावर टाके आहेत. आता उठून बाथरूमला जा."

आई पोटावर हात धरून वाकून चालली. सहाव्या पावलावर अडली. बाथरूमचं दार बाहेर उघडत होतं आणि ते उघडायला तिला दोन पावलं मागे सरावं लागलं. पंचवीस वर्षं आम्ही ते दार असंच उघडत होतो. टाके असलेल्या माणसाला ते जमलं नसतं. बाबांनी दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून दार आत उघडणारं करून घेतलं.

पुन्हा तालीम झाली. आई झोपली, पण या वेळी उठलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"ऊठ गं," बाबा म्हणाले.

"उठते. जरा थांबा."

बाबा हातात टेप घेऊन तिथेच उभे राहिले. घाई केली नाही. थोड्या वेळाने आई उठली आणि त्या खुणांवरून नीट चालत गेली.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली. मात्र आतड्याची जोडणी भरून येईपर्यंत पोटावर पिशवी लावावी लागली, शौच तिच्यात जमा होणार. तशी शक्यता डॉक्टरांनी आधीच सांगितली होती.

घरी आल्यावर पलंग, औषधं, दार, सगळं प्लॅनप्रमाणे चाललं. पिशवीचं मात्र जमेना. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला बाथरूममधून हाक मारली. पिशवी एका बाजूने सुटली होती. ते भिंतीला धरून उभे होते.

"मला खालचं दिसत नाही," ते म्हणाले. "लाइट पाठीमागे आहे. माझीच सावली पडते."

मी पहिल्यांदाच त्यांना तसं पाहिलं. नर्सने दाखवलं होतं तसं पुसलं, नवी पिशवी लावली. त्या वेळात बाबा छताकडे बघत होते. शर्ट घालताना म्हणाले, "पिशवी प्लॅनमध्ये घेतलीच नव्हती मी."

"का?"

"घेतली असती तर ती लागलीच असती, असं वाटलं."

ऑफिसात कोणी टेस्टिंगबद्दल असं कारण दिलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. दुपारी समोरून उजेड पडेल असा दिवा, एक मोठा आरसा आणि बसायला स्टूल आणलं. कुठे लावायचं ते बाबांनी खुर्चीत बसून सांगितलं. आठवड्याभरात ते पिशवी स्वतः बदलायला लागले. कोणी आत आलेलं त्यांना चालेना.

साडेतीन महिन्यांनी छोटं ऑपरेशन करून पिशवी काढली. आता दर सहा महिन्यांनी स्कॅन असतो. आतापर्यंतचे दोन्ही स्वच्छ आले.

मागच्या हिवाळ्यात आईबाबा दोन दिवस खाडीपलीकडच्या मनोरीला राहायला गेले. मी त्यांना मार्व्याच्या धक्क्यापर्यंत सोडायला गेले होते. बोटीत चढताना खलाशाने हात पुढे केला आणि बाबांनी तो धरला. आई आधीच आत बसून त्यांच्यासाठी जागा अडवून होती. बोट सुटल्यावर मी थोडा वेळ थांबले, मग मालाडची बस पकडली.