कल्हई केलेलं तपेलं

कल्हईच्या नवसागराचा धूर नाकात गेला की मला जामसरहून मोळी घेऊन येणारा तो माणूस आठवतो. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती, जव्हारच्या पेठेत चोऱ्या वाढल्या होत्या, आणि नवा फौजदार संशय आला की सरळ पट्टा काढतो याचं मला कोण कौतुक! "मार खाऊन दिलेली कबुली खरी कशी मानायची?" असं आमचे हे म्हणायचे. "आपल्याकडे चोरी झाली की कळेल," मी म्हणायचे. मग एका सकाळी परसातलं तांब्याचं तपेलं दिसेना. आदल्या दिवशी मोळी टाकून तो तिथंच पाणी प्यायला होता, म्हणून फेरीवरच्या शिपायाला मी त्याचंच नाव सांगितलं. दुपारपर्यंत त्याने चोरी कबूल केली. तपेलं कुठंय ते मात्र त्याला सांगता येईना, म्हणून आणखी मारलं आणि शेवटी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी कल्हईवाला तेच तपेलं घेऊन दारात उभा! आतून चांदीसारखं लखलखीत, नवसागराचा वास अजून येत होता. सासूबाईंनी लेकीकडे जाताना परस्पर कल्हईला दिलं होतं. "चौकीवर जाऊन सांग," हे म्हणाले. मी गेले नाही. पुढच्या बाजाराला तो लंगडत आला, मोळी उतरवली आणि म्हणाला, "बाय, तुमचा तपेला गवसला का?" माझ्या मागे चुलीवर त्याच तपेल्यात आमटी उकळत होती. "नाही," मी म्हटलं. "गवसंल, बाय," त्याने मलाच धीर दिला. आता माझ्या घरात सगळी भांडी स्टीलची आहेत. कुणी विचारलं तर सांगते, घासायला सोपी पडतात.