केळीच्या वाडीतली साखर

एकोणचाळिसाव्या वर्षी मी तिसऱ्यांदा गरोदर राहिले. आधीच्या दोन्ही वेळा तिसरा महिना सरला नव्हता, म्हणून या वेळी पाचवा लागेपर्यंत आम्ही घरात कुणालाच काही सांगितलं नाही. माहीत होतं ते फक्त वसईतल्या एका डॉक्टर बाईंना. जोखमीची बाळंतपणं हेच त्यांचं खास काम. त्यांनी माझ्या फाइलवर लाल पट्टी चिकटवली. आयुष्यभर प्रगतिपुस्तकावर लाल रेघ न आलेली मी, ती पट्टी बघून जरा खट्टूच झाले.

"ही तुम्हाला घाबरवायला नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा फोन आला की माझ्या माणसांनी हातातलं काम ठेवावं, म्हणून आहे."

सहाव्या महिन्यात साखर वाढली. आमचा फ्लॅट नायगावला, चौदाव्या मजल्यावर. नवरा दिवसभर कामावर. एकटं राहू नका, असं डॉक्टरांनी बजावल्यावर मी ऑफिसच्या लॅपटॉपसकट वसईजवळच्या वटार गावी सासरी जाऊन राहिले. सासरे गेल्यापासून तिथली वाडी सासूबाई एकट्याच सांभाळत होत्या. घराच्या तिन्ही बाजूंना केळी, आणि माझ्या आहाराच्या कागदावर पहिलीच ओळ होती : केळं बंद.

सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. "केळं बंद, सुकेळी बंद, भाकरी एकच. मग ही खानार काय, पानी?" हे त्यांनी मला नाही, कागदालाच विचारलं.

दिवसातून चार वेळा बोट टोचून मी छोट्या यंत्रावर साखर बघायची आणि आकडा डॉक्टरांकडे पाठवायची. टोचताना सासूबाई मान फिरवत. एकदा जेवणानंतर माझं तोंड उतरलेलं बघून त्यांना राहवलं नाही. त्यांनी हळूच दोन सुकेळी, म्हणजे वाडीतलीच वाळवलेली केळी, हातावर ठेवली, मीही मुकाट्याने खाल्ली. दोन तासांनी यंत्राने चुगली केली, आणि तासाभरात क्लिनिकमधून फोन आला. आहार सांगणाऱ्या मुलीने दुपारी काय काय खाल्लं ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदराने उगाच टेबल पुसलं.

त्या दिवशी त्यांना वाईट वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी यंत्र काढलं, तर त्यांनीच बोट पुढे केलं. तुला रोज दुखतं, मला एकदा दुखू दे, म्हणाल्या. त्यांची साखर निघाली दोनशे ब्याऐंशी. माझी होती एकशे बारा.

यंत्र बिघडलंय, असं त्यांचं ठाम मत पडलं. पुन्हा टोचलं, आकडा जवळजवळ तोच. दोन दिवसांनी लॅबमध्ये रक्त दिलं, तेव्हा नाइलाजाने पटलं. किती वर्षांपासूनचा मधुमेह अंगात घेऊन त्या वाडीत राबत होत्या, देव जाणे. त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि घरात एकदम समानता आली. आम्ही दोघी एकच भाकरी खायचो आणि जेवून झालं की केळींच्या रांगांमधून अर्धा तास चालायचो. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्यांच्याशी एवढं बोलणं तेव्हाच झालं. त्यांचंही एक मूल पोटातच गेलं होतं, हे मला तिथे कळलं. माझ्या नवऱ्याला ते आजवर ठाऊक नव्हतं.

पस्तिसाव्या आठवड्यात, एका दुपारी, माझं डोकं ठणकायला लागलं. उकाड्याने असेल म्हणून मी पडून राहिले. सासूबाईंनी डोळ्यांपुढे काही चमकतंय का विचारलं. चमकत होतं. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी धोक्याची लक्षणं सांगितली होती. मी ऐकली होती, सासूबाईंनी पाठ केली होती. त्यांनी घरी आणून ठेवलेलं बीपीचं यंत्र लावलं, स्वतःच फोन केला, आणि मी केस विंचरू का विचारतेय तोवर शेजाऱ्यांची गाडी दारात आणून उभी केली.

"केस राहू दे," त्या म्हणाल्या. "बस आधी."

बीपी एकशे सत्तरवर गेलं होतं. डॉक्टर हॉस्पिटलच्या दारातच भेटल्या. वेळेत आलात, एवढंच म्हणाल्या. पण त्यांनी ते मला नाही, सासूबाईंना सांगितलं. औषधांनी बीपी आटोक्यात आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन केलं. मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅमची. रडली मात्र चार किलोच्या थाटात.

सहा दिवस ती काचेच्या पेटीत होती. तिसऱ्या दिवसापासून तिला छातीशी उघड्या अंगाने धरायचं, म्हणजे ऊब मिळते, असं नर्सने शिकवलं. माझे टाके दुखत होते, म्हणून पहिली पाळी नवऱ्याची आली. शर्टाची बटणं सोडून तो खुर्चीत बसला, नर्सने मुलगी त्याच्या छातीवर ठेवली, वरून चादर घातली. दोन तास माणूस हलला नाही. नाकाला खाज सुटलीय, पण हात काढायला भीती वाटते, असं त्याने मला डोळ्यांनीच सांगितलं. मग सासूबाई पुढे झाल्या आणि चाळीस वर्षांच्या आपल्या मुलाचं नाक त्यांनी पदराने खाजवून दिलं.