कपाशीतली मोहफुलं

"बंद कर थे वाचणं!" हिंगणी गावातल्या घराच्या ओसरीवर काका असे ओरडले, की बोरच्या जंगलातला वाघ दोन कोस मागं सरला असेल. "कपाशी वेचतानी मोहफुलं कशी टपकून राह्यली बे? कपाशी सरते माघात, मोह टपकते चैतात!"

लंडनच्या कुबट खोलीत तीन वर्षं बसून मी ही गावाची कादंबरी लिहिली होती. छापायला देण्याआधी जन्मभर कपाशी पिकवलेल्या काकांना वाचून दाखवत होतो, तर पहिल्याच प्रकरणात गाव चुकलं. स्वतःच्याच अक्षराची शिसारी आली.

"काका, हिच्यापायी तीन वर्षं उकडलेले बटाटे गिळले! वासानंच मले ओकारी येत होती!"

काका म्हणाले, "मंग बटाट्याचंच लिहाचं होतं."