काकूंच्या मिक्सरची पिन

"करंट तोच हाय, पिन तेवढी बदलते." आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू हे कशालाही लावत. ऑफिसात नवे साहेब आले, मी धास्तावलो, तेव्हाही त्यांनी मला हेच ऐकवलं. चाळिशीतल्या मला 'पोट्ट्या' म्हणणारं शंकर नगरात दुसरं कोणी नव्हतं.

काकू रेल्वेत वायरिंगच्या कामावर होत्या, आता निवृत्त. एकुलती एक मुलगी इंग्लंडात, तीही एकटीच. दर रविवारी तिचा फोन येई, बोलणं तिचं हिंदीतच. "मम्मी, अब यहीं आ जाओ." काकूंचं उत्तर ठरलेलं. "माह्या मिक्सरची पिन नाही जात तिथं."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळत. "पाह्य नं! इंग्रज आपल्याले गोल पिना देऊन गेले, अन् सोताच्या घरी चौकोनी लावून बसले."

मुलीने अडॅप्टर पाठवला. काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला. "पाहुणपणाले चालते हे. राहाले नाही."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. 'नाही' म्हणायला त्यांना हाताशी काहीतरी लागतं.

मग एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. मिक्सर मांडीवर होता, हातात पक्कड. माझ्यासमोर त्यांनी वायरीचा गोल पिनांचा प्लग कापला आणि मुलीकडून मागवलेला चौकोनी पिनांचा बसवायला घेतला.

"काकू, आता इथं कसा चालवाल?"

"इथं कोण राहून राहिलं?" स्क्रू आवळत त्या म्हणाल्या. मग पक्कड बाजूला ठेवून, "पोट्टी आता ये म्हणतच नाही रे. थकली."

तिकीट निघालं. जायला थोडे दिवस होते, तोवर चटणी खलबत्त्यात. सकाळी मी खाली वाचत बसलो की डोक्यावर ठोके पडत. एका सकाळी ते पडले नाहीत. वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू झोपेतच गेल्या होत्या.

मुलगी आली. सगळं रीतसर झालं. परत निघताना तिची बॅग वजनात बसेना. तिने आपले स्वेटर काढून पलंगावर ठेवले. मग चपला. मग आईच्या दोन साड्याही काढल्या. मिक्सर आत राहिला.

"मिक्सर तो वहाँ नया मिल जाएगा," मी म्हणालो.

"हव," ती म्हणाली. "मिल जाएगा."

चेन लागत नव्हती. मी बॅगेवर गुडघा रोवला. तिने चेन ओढली.